बॅबीनच्या चुलीवरची फुटक्या कानाची किटली

मी बिडाची किटली बोलतेय. साठ वर्षं नुसती वाफ सोडली, आता चार शब्द सोडते. गोड बोलणं मला येत नाही. माझ्या तोंडातून आजवर जे बाहेर पडलं ते उकळतंच पडलं.

माझा जन्म कुठल्या ओतशाळेत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते गॉलवेच्या बाजारातलं दुकान. तिथं कोलम नावाचा एक लांबट माणूस आला, त्यानं मला बोटानं दोनदा टिचकी मारली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हिच्या पोटात खोट नाही." मग होडीत जळणाच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून मी डोरलीया गावी आले. कोनेमाराच्या किनाऱ्यावर, जिथं शेतात मातीपेक्षा दगड जास्त आहेत, तिथं. कोलमच्या घरी दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटा जळत, त्यांच्यावर मी लटकले. नंतर त्या घरात मुलगी झाली. तिच्या पहिल्या अंघोळीचं पाणी मी तापवलं. ती बॅबीन.

आता नावाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भाषेत नाव एकटं असतं तेव्हा ताठ उभं असतं. पण ते कोणाचं तरी झालं, कशाच्या आत गेलं, कोणी हाक मारली, की लगेच वाकतं. माझंच बघा. नुसती असते तेव्हा मी किटल. माझ्यात पाणी घातलं की खिटल. माझं झाकण हरवलं की ते झाकण खिटिलचं. तुमच्याकडेही शब्द बदलतात, मला ठाऊक आहे. माणूस माणसाला भेटतो, तळं तळ्यात राहत नाही. पण तुमचे शब्द शेपूट हलवतात. आमचे डोकंसुद्धा बदलतात.

पुरुषाला आम्ही फॅर म्हणतो. त्याची टोपी म्हणायचं झालं की त्याचा होतो इर. म्हणजे डोकं गेलं आणि टोपी राहिली. बाई म्हणजे बॅन. तिच्या मालकीचं काही म्हणायचं झालं की ती होते म्रा. लग्न करून सासरी गेलेली ओळखू येऊ नये तशी. आणि मोठा हा शब्द पुरुषाशेजारी असला तर मोर, बाईशेजारी आला की वोर. विशेषणसुद्धा कोणाशेजारी बसलोय ते बघून आवाज बदलतं. माणसंही बदलतात. मास्तर घरात आले की बॅबीनचा नवरा कसा बोलतो ते मी ऐकलंय.

बॅबीनलाही गावात कोणी नवऱ्याच्या आडनावानं ओळखत नाही. ती बॅबीन खोलिम वार्टीन. बाप कोलम, आजा मार्टीन. पोरीच्या नावामागं येऊन उभे राहिले तेव्हा दोघांनीही मान तुकवली, कोलमचा खोलिम झाला, मार्टीनचा वार्टीन. मला हे फार आवडतं. हयात असताना दोघंही कोणापुढं वाकले नव्हते.

बॅबीन बाराव्या वर्षी शाळेतून निघाली. लग्न झालं तेव्हा बार्टलीच्या घरी मला काखोटीला मारून घेऊन गेली. सासू म्हणाली, "आमच्याकडे किटली आहे." बॅबीन म्हणाली, "असू दे की. तिला सोबत होईल." वर्षाच्या आत सासूची किटली कोंबड्यांना पाणी द्यायला गेली.

दोन पोरं झाली, मोठी झाली, बोस्टनला गेली. बार्टली खेकडे आणि शेवंडं पकडायला समुद्रावर जातो. घरी आला की त्याच्याशी कितीही बोला, तो "हं" म्हणतो. तेवढ्या एका "हं"वर बॅबीन वर्षाचे अकरा महिने काढायची. बारावा महिना जुलै. जुलैत बस यायची.

बसमधून शहरातल्या पोरी यायच्या. तीन आठवडे आमची भाषा शिकायला. सकाळी शाळा, दुपारी समुद्र, संध्याकाळी सभागृहात नाच, आणि राहायला गावातली नऊ घरं. आमच्या घरी आठ पोरी. बॅबीन त्यांची घरची बाई. पोरी तिला समोर नुसतं बाई म्हणत, पाठीमागं काय म्हणत ते मी ऐकलंय, सांगणार नाही. नियम एकच. इंग्रजी बोलायचं नाही. बोलताना सापडलात तर बॅबीनच्या खुणांच्या वहीत नावापुढं खूण. तीन खुणा झाल्या की बसनं परत.

"बाई, झोपेत इंग्रजी बोललं तर?" एकीनं विचारलं होतं.

"मी दाराशी उभी असते," बॅबीन म्हणाली. "स्वप्नं जपून बघा."

अशाच एका जुलैत एक पोरगी आली, फिडेल्मा नावाची. चौदा वर्षांची, डब्लिनची, केस घट्ट विंचरलेले, काखेत जाड निळी वही. बॅबीननं जेवायला हाक मारली, "ए इडेल्मा." आमच्याकडे हाकेत पहिला फ गळतो. दुसरी कोणी असती तर इकडंतिकडं बघत बसली असती. फिडेल्मानं वही उघडली, बघितलं आणि मान डोलावली. नियम तिला पाठ होता. सगळेच नियम पाठ होते. कुठल्या गटातला शब्द, त्याचं एकाचं रूप, अनेकांचं रूप, त्याच्या मालकीचं रूप, पुढं विशेषण आलं तर काय, हे सगळं रेघा मारून, तांबड्या-निळ्या शाईत. मास्तर ओ ग्रीफा, म्हणजे या उन्हाळी शाळेचे मुख्य, तिची वही इतर घरांत दाखवत फिरले.

पण पोरगी बोलेना.

लोणी हवं असलं की ती आधी मनात वाक्य जुळवायची. मला तिच्या ओठांची हालचाल दिसायची. एक शब्द वाकवायची, तपासायची, परत सरळ करायची. तोवर लोणी संपायचं. तिच्या शेजारी बसायची क्लोडा. क्लोडा लोण्याला पुरुष करी, पावाला बाई करी, सुरीचं डोकं उडवी, बटाट्याला भलतंच शेपूट लावी आणि सगळं ताटात ओढून घेई. माझे तर कान किटायचे. पण क्लोडा गुटगुटीत होती आणि फिडेल्मा आठवडाभरात वाळली.

"ही पोरगी आजारी आहे का गं?" बॅबीननं क्लोडाला विचारलं.

"नाही बाई. ती चुका करत नाही."

"बोलते कुठं चुकायला?"

"तेच तर," क्लोडा म्हणाली.

खुणांच्या वहीत फिडेल्माच्या नावापुढं एकही खूण नव्हती. मास्तरांना त्याचं कौतुक. बॅबीनला नव्हतं. ती मला घासताना पुटपुटली, "मेलेलं माणूसही इंग्रजी बोलत नाही. त्यात काय मोठं."

आता माझ्या पापाकडं येते.

माझी कडी दोन कानांत अडकवलेली आहे. त्यातल्या डाव्या कानाला बारीक तडा गेला होता. बॅबीनच्या बाजूनं तो दिसत नसे. भिंतीकडच्या बाकाच्या टोकाला बसलं तरच दिसे. तिथं फिडेल्मा बसायची. सोमवारी सकाळी तिनं तो पाहिला. मला वाटलं, सुटले. आता सांगेल.

ती वहीत लिहायला लागली.

सांगायचं काय, तर किटलीचा कान फुटलाय. पण कान आमच्याकडे बाईमाणूस आणि किटली पुरुष, मी सांगतेय तेव्हा हसू नका. मग फुटका हा शब्द कोणाच्या बाजूनं वाकवायचा? तिनं एक वाक्य लिहिलं. खोडलं. दुसरं लिहिलं. शाळेची वेळ झाली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिसरं लिहिलं. मंगळवारी सकाळी तिनं वही उघडून पुढ्यात ठेवली होती, आज बोलायचंच असं ठरवून. ओठ हलत होते. बॅबीन आली, मला तोंडापर्यंत भरलेली, उकळती, एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात पावाचं ताट.

कान गेला.

मी कलंडले. मी जाणूनबुजून काही केलं नाही, पण पाणी माझ्याच पोटातलं होतं. बॅबीनच्या उजव्या पायावर घोट्यापासून बोटांपर्यंत सांडलं. ती किंचाळली नाही. ताट आधी टेबलावर ठेवलं, मग खाली बसली. आणि त्या शांततेत फिडेल्माच्या तोंडून ती आल्यापासूनचा पहिला मोठा आवाज निघाला. इंग्रजीत. "सांभाळा," एवढंच. सगळं होऊन गेल्यावर.

परिचारिका आली, पाय बांधला, दोन आठवडे जमिनीला टेकवायचा नाही म्हणाली. दुपारी मास्तर ओ ग्रीफा आले. दारातच टोपी काढून उभे.

"बॅबीन, वाईट झालं. पण गुरुवारी कचेरीतून तपासनीस बाई येणार आहेत, घरं बघायला. तुम्ही अशा खुर्चीत. आठ पोरींचं कोण करणार? उद्या मी पोरी दुसऱ्या घरांत हलवतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

मास्तर टोपीच्या काठाकडं बघायला लागले. "पोरी ठेवणाऱ्या घरांच्या यादीतून नाव गेलं की ते परत कधी चढतं, माझ्या हातात नाही."

"गेल्या चार वर्षांत किती घरं गेली यादीतून?"

"पाच."

"त्यातलं एक तरी परत आलं?"

बार्टली कोपऱ्यातून म्हणाला, "हं."

"मास्तर, ऐका," बॅबीन म्हणाली. "या घरात पोरी आल्या नाहीत तर मी कोणाशी बोलू? याच्याशी? जी भाषा माझ्या तोंडात आहे ती मी कोंबड्यांना शिकवू? माझ्या पोरी हलवायच्या तर आधी मला खुर्चीसकट उचला आणि बाहेर ठेवा. उचलताय का?"

मास्तर हडकुळे आणि बॅबीन भरदार. त्यांनी टोपी घातली. "गुरुवारी दुपारपर्यंत," ते म्हणाले. "त्या बाईंना घर चालतंय असं दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर मी काही बोलू शकणार नाही."

ते गेले आणि माडीवरून फिडेल्मा उतरली. हातात बांधलेली पेटी. मागं क्लोडा.

"बाई, ही घरी चाललीय," क्लोडा म्हणाली. "हिनं खुणांच्या वहीत स्वतःच्या नावापुढं तीन खुणा केल्यात. आणि हिला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

फिडेल्मानं निळी वही उघडून बॅबीनच्या मांडीवर ठेवली. बॅबीनला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून, ओठ हलवत, तिनं तिन्ही वाक्यं वाचली.

"हे कधी लिहिलंस?"

फिडेल्मानं दोन बोटं दाखवली. मग एक. म्हणजे काल सकाळी दोन, संध्याकाळी एक.

"म्हणजे काल तुला दिसलं होतं."

मान हलली.

मला वाटलं, आता बॅबीन फुटणार. ती फुटली, पण मला वाटलं होतं तशी नाही.

"यातलं तिसरं बरोबर आहे," ती म्हणाली. "पहिलंही चालतंय. पण पोरी, तिन्ही बरोबर असती तरी माझा पाय भाजलाच असता. तू 'किटली, कान' एवढे दोन शब्द ओरडली असतीस, उलटे, सुलटे, डोकं नसलेले, शेपूट नसलेले, तरी मी थांबले असते. का नाही ओरडलीस?"

फिडेल्माचे ओठ हलायला लागले. बॅबीननं वही फटकन मिटली.

"जुळवू नकोस. बोल."

"चूक... होईल," फिडेल्मा म्हणाली. त्या दोन शब्दांतही एक चूक होती.

"झाली. मग? छप्पर पडलं? पाय माझा होता. तुझं वाक्य तुझ्या वहीत नीट राहिलं आणि पाय माझा गेला." बॅबीननं वही उचलली आणि वाकून भाजलेल्या पायाखालच्या स्टुलाच्या आखूड पायाखाली सारली. स्टूल हलायचं थांबलं. "आता तिचा काहीतरी उपयोग झाला. घरी जायचं नाही तुला. पळून जाऊन माझा पाय बरा होत नाही. गुरुवारपर्यंत तू माझं तोंड. मी इथून सांगीन, तू या सात जणींकडून करून घ्यायचं. ओरडून. त्या खुणा मी मोजत नाही, त्या माझ्या हातच्या नाहीत."

"बाई, ही?" क्लोडा म्हणाली. "हिचा आवाज तर मांजरीलाही..."

"तू बटाटे सोल," बॅबीन म्हणाली. "तुझ्याकडं मी नंतर येते. तू काल सुरीला काय म्हणालीस ते अजून माझ्या कानात आहे."

त्या संध्याकाळी बार्टलीनं मला दारात नेलं. जुन्या पिंपाची लोखंडी पट्टी कापली, वाकवली, फुटक्या कानाभोवती बसवली आणि दोन रिवेट ठोकले. ठोकताना तो माझ्याशी बोलला. बायकोशी बोलत नाही, पण माझ्याशी बोलला. "धर हं," म्हणाला. मला वाईट वाटलं, त्याचं, माझं, सगळ्यांचं.

बुधवार सकाळ. मला चुलीवर चढवली, पण उकळल्यावर उतरवायला कोणी पुढं येईना. सगळ्या पोरी माझ्या कानाकडं बघत उभ्या.

"इडेल्मा," बॅबीन खुर्चीतून म्हणाली.

फिडेल्मानं दोन फडकी घेतली, दोन हात लावले. मी आयुष्यात इतकी घट्ट कधीच राहिले नव्हते. उचलली. ठेवली. रिवेट धरून राहिले.

मग शाळेची वेळ सोडली तर दिवसभर ती ओरडत होती. सुरुवातीला पुटपुटल्यासारखी. पोरींना ऐकूच जाईना. कोबी करपला. "मोठ्यानं," बॅबीन म्हणाली. मग मोठ्यानं. मग त्याहून मोठ्यानं. शब्द नुसते पडत होते, उभे, ताठ, न वाकलेले, लाकडाच्या ओंडक्यांसारखे. आणि काय सांगू, कामं होत होती. पाणी आलं. बटाटे चाळणीत गेले. पाव उतरला.

बॅबीन तिला कधी थांबवायची नाही. पण चूक जाऊही द्यायची नाही. फिडेल्मा ओरडली, "क्लोडा, किटल झाकण आण," तर बॅबीन खुर्चीतून म्हणायची, "हो गं क्लोडा, खिटिलचं झाकण तिथं खिडकीत आहे." बस. एवढंच. काम थांबवायचं नाही, शब्द वाकवून परत द्यायचा. पुढच्या वेळी फिडेल्माच्या तोंडून खिटिल यायचं. तिला कळायचंही नाही की आलं. मला कळायचं. माझंच नाव होतं ना ते.

एकदा ती मध्येच थांबली आणि ओठ हलवायला लागली. सवय. बॅबीननं काठी आपटली.

"काय शोधतेस?"

"रूप."

"ते काय माडीवर ठेवलंय? माझ्या आईनं मला रूपं शिकवली नाहीत. 'दूध आण, दुधात माशी पडलीय, दुधाचं भांडं ठेव,' असं म्हणाली आणि मी दूध आणलं, माशी काढली, भांडं ठेवलं. हातानं कर, तोंड मागनं येतं."

बुधवारी संध्याकाळी नाचाला जायच्या आधी फिडेल्मानं लोणी मागितलं. मिळालं. ती इतकी चकित झाली की खायची विसरली. क्लोडानं ते तिच्या ताटातून उचललं.

"क्लोडा," फिडेल्मा म्हणाली, "चोर. डुक्कर. मोठी." मोठी हे तिनं बाईशेजारचं म्हटलं, वोर. बरोबर. बॅबीन खिडकीबाहेर बघून हसली.

गुरुवार. शाळा सुटल्यावर, दुपारी दोन वाजता मास्तर आणि तपासनीस बाई. बाई उंच, करड्या कोटातल्या, हातात पाटीला लावलेला कागद. त्यांनी खाटा पाहिल्या, चादरी उचलून पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि लिहायला लागल्या.

ती वेळ कसली होती, तर मोठ्या घमेल्यात आठ जणींची ताटं धुवायची. त्याला उकळतं पाणी लागतं. मी तयार होते. चुलीपासून घमेल्यापर्यंत सात पावलं, आणि चौथ्या पावलावर तपासनीस बाई.

मास्तर पुढं झाले. "ही आमची फिडेल्मा," ते म्हणाले. "व्याकरणात पहिली. विचारा तिला काहीही. फिडेल्मा, बाईंना बाई या शब्दाची सगळी रूपं सांग."

फिडेल्मानं मला दोन्ही हातांनी उचललं होतं. भरलेली. उकळती. तिला सगळी रूपं येत होती, झोपेतही आली असती. बॅबीननं खुर्चीचे हात घट्ट धरले. जुळवत उभी राहिली तर हात भरून येणार, आणि माझ्या कानात दोनच रिवेट.

फिडेल्मा चालायला लागली. सरळ. तपासनीस बाई लिहीतच होत्या.

"पाय!" फिडेल्मा ओरडली. "तुमचा पाय उचला, बाजूला, गरम आहे, मागं, मागं!"

तपासनीस बाई उडून बाकावर आदळल्या. कागद पडला. मी त्यांच्या कोटाला घासून पुढं गेले. फिडेल्मानं मला घमेल्यात ओतलं, रिकामी केली, चुलीच्या कडेला ठेवली, कपाळ पुसलं आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडंच बघतायत. मास्तर तांबडे झाले होते.

तपासनीस बाईंनी कागद उचलला, झटकला. "पाय म्हणताना तू चूक केलीस," त्या फिडेल्माला म्हणाल्या. "तुमचा, असं आधी आलं की पायाचं डोकं वाकतं. एक चूक."

फिडेल्माचे ओठ हलले. मी म्हटलं, गेली पोरगी. परत गेली वहीत.

"दोन," बॅबीन खुर्चीतून म्हणाली. "दोन पायांना ती एकच पाय म्हणाली. मी मोजल्या. आणि बाई, तुमचे दोन्ही पाय आहेत ना जागेवर? बघून घ्या."

तपासनीस बाईंनी खरंच खाली पाहिलं. मग बॅबीनच्या बांधलेल्या पायाकडं पाहिलं, त्याखालच्या स्टुलाकडं, स्टुलाखालच्या निळ्या वहीकडं.

"ती वही कशाला तिथं?"

"तिथं बसते ती," बॅबीन म्हणाली.

तपासनीस बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मास्तर मान लांब करून बघत होते. मग त्यांनी लेखणी खिशात ठेवली आणि फिडेल्माकडं वळल्या. "पाणी उरलंय का? चहा मिळेल?"

"क्लोडा," फिडेल्मा ओरडली, "कप आण. दोन. स्वच्छ."

घर यादीत राहिलं. मास्तरांनी शनिवारी येऊन सांगितलं, जणू त्यांनीच राखलं. बॅबीननं त्यांना पाव दिला आणि काही बोलली नाही. तिच्यासाठी ते फार होतं.

बस सुटायच्या दिवशी बॅबीननं स्टुलाखालून वही काढून दिली. मधोमध स्टुलाच्या पायाचा खळगा पडला होता, पानापानातून खालपर्यंत गेलेला. फिडेल्मानं तो बोटानं चाचपला आणि वही पेटीत ठेवली. बसच्या खिडकीतून ती काय ओरडत होती ते इंजिनाच्या आवाजात कोणालाच कळलं नाही. पण ओरडत होती, वळणापर्यंत.

आता माझं. बार्टलीनं गॉलवेहून विजेची किटली आणली, पांढरी, हलकी, दोन मिनिटांत उकळते आणि स्वतःहून गप्प बसते. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. वीज जाते तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असतं. मी आता खिडकीत असते. पण दर जुलैत, नव्या पोरी पहिल्यांदा जेवायला बसल्या की बॅबीन मला टेबलाच्या मधोमध आदळते. पाय अजून थोडा ओढते ती. प्रत्येकीला माझा कान हातानं चाचपायला लावते आणि प्रत्येकीकडून एक वाक्य ओरडून घेते, चुकलेलंच हवं. बरोबर आलं तर परत ओरडायचं.

फिडेल्माचं पत्र येतं, दर नाताळात. बॅबीन ते बोट ठेवून मोठ्यानं वाचते. "तीन," चुका मोजून शेवटी म्हणते, खुशीत, आणि बार्टली "हं" म्हणतो.

गेल्या नाताळातल्या पत्रात एकही चूक नव्हती. बॅबीननं ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. कागद उलटा करून मागं पाहिलं. मग तिचा चेहरा बदलला.

"ही पोरगी बोलत नाहीये," ती म्हणाली. "लिहितेय नुसती. जुळवतेय. बार्टली, फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता."

बार्टलीनं नंबर फिरवला. पलीकडं उचलल्याचा आवाज आला. बॅबीननं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "ए इडेल्मा," ती ओरडली, "बोलतेस ना गं?"

आणि त्या काळ्या नळीतून, डब्लिनहून, इतका मोठा आवाज आला की मी खिडकीत झणझणले. पाठोपाठ मूल रडतंय, कोणीतरी हसतंय, भांडी पडतायत, आणि त्या सगळ्यावरून ती सांगत होती की बोलते, पोरांशी बोलते, नवऱ्याशी भांडते, पत्र तिच्या आठ वर्षांच्या मुलीनं तपासून दिलं, मुलीला चुका चालत नाहीत, काय करू बाई, सांगा.

बॅबीन ऐकत होती. डाव्या हाताची बोटं एकेक दुमडत होती. पाच झाली तेव्हा ती खुर्चीत मागं टेकली.

"जुलैत त्या मुलीला इकडं पाठव," ती म्हणाली. "किटली अजून आहे."

आहे. धरून आहे. दोन रिवेट, एक पट्टी. तुमच्या घरी कोणी शब्द जुळवत गप्प बसलं असेल, तर त्याला एवढंच सांगा माझ्या नावानं. आधी ओरड. वाकायचं ते मागनं वाकतं.